फक्कीच्या रेषा

इंगळे मॅडमनी मला पहिल्यांदा जमिनीवर बसवलं तेव्हा मी चिखलीच्या आमच्या कॉलेजात मराठीचा प्राध्यापक होतो, अंगावर कडक इस्त्रीची पँट होती आणि आजूबाजूला माझेच विद्यार्थी बसले होते. मॅडमनी माझ्या हातात एक दगडी पाटी दिली आणि म्हणाल्या, "सर, तुमी एकूण." मी विचारलं, एकूण म्हणजे नेमकं काय करायचं? त्या म्हणाल्या, "सगळ्यायचं लिहून होईपर्यंत गप बसाचं. तुमाले जमन का, पाहू."

पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो, कारण न हसून करणार काय?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गावात टीव्ही असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी होती आणि कॉम्प्युटर हा शब्द आम्ही वर्तमानपत्रात वाचत होतो. आमच्या संस्थेला कुठूनशी एक मशीन मिळाली आणि तिच्याबरोबर एक नवा कोर्सही गळ्यात पडला. कॉम्प्युटरची तोंडओळख आणि कचेरीतलं काम, म्हणजे पत्र टाइप करणं, तक्ते मांडणं, छापून काढणं. शिकवायला माणूस हवा म्हणून पुण्याला ट्रेनिंगला कोणाला तरी पाठवायचं होतं. फिजिक्सवाल्यांची कंबर धरली, कॉमर्सवाल्यांच्या घरी लग्न निघालं. उरल्या गणिताच्या इंगळे मॅडम. त्यांना कोणी विचारलंच नाही, नुसतं रेल्वेचं तिकीट हातात ठेवलं.

मॅडम मूळच्या वडनेर भोलजीच्या. उंच, सावळ्या, आवाज असा की एका वर्गात शिकवताना शेजारच्या दोन वर्गांचं गणित सुधारायचं. साडीचा पदर कमरेला खोचलेला, आणि खांद्याला भलीमोठी पर्स. त्या पर्समध्ये पैसे किती असायचे देव जाणे, फुटाणे मात्र कायम असायचे.

पुण्याच्या ट्रेनिंगचा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगत. पहिल्याच दिवशी त्यांनी उभं राहून "मले हे समजलं नाई" म्हटल्याबरोबर सगळा हॉल हसला. दुसऱ्या कोणी महिनाभर तोंड उघडलं नसतं. मॅडम म्हणाल्या, "लोकं हसले. मशीन नाई हसली. मले तवाच आवडली थे." मग त्यांनी रोज हात वर केला, रोज "मले" म्हणून विचारलं, आणि शेवटच्या आठवड्यात हसणारी मंडळी संध्याकाळी त्यांच्याकडे शंका घेऊन यायला लागली, असं त्यांचं म्हणणं. यात तिखटमीठ किती ते मला माहीत नाही. पण शंका विचारणारा माणूस मॅडमना आवडायचा, हे खरं.

कोर्स सुरू करायचा तर मुलं हवीत. मॅडम एसटीनं अमडापूरला गेल्या, धाडला गेल्या, वाटेतल्या गावांतून उतरल्या. घरोघरी ओट्यावर बसून त्यांनी चहा प्यायला आणि आईबापांना शब्द दिला, की वर्षाअखेर पोराच्या, पोरीच्या हातात विद्यापीठाचं सर्टिफिकेट असेल. तरीही चारदोन नावं कमी पडत होती. तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन माझं नाव मला न विचारता लिहिलं. मी म्हटलं, मॅडम, मी साहित्याचा माणूस. त्या म्हणाल्या, साहित्याच्या माणसालाही कधी तरी रजेचा अर्ज टाइप करावा लागतो.

आता अडचण सांगतो. मान्यता एकाच वर्षाची होती, तीही तात्पुरती. वर्ष संपता संपता विद्यापीठाची समिती येणार, वर्ग पाहणार. त्यांना पटलं तर कोर्स कायम. नाही पटलं तर मशीन संस्थेच्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात जाणार आणि आमच्या पोरांचं वर्ष पाण्यात. शहरवाले तर आधीच मशीनसाठी टेबल बनवून बसले होते. आणि आमच्याकडे तीसएक डोकी, एक मशीन, आणि लाइट अशी की आली तर पाहुणी आणि गेली तर मालकीण.

मशीनला कॉलेजातली एकमेव पडदा असलेली खोली मिळाली. चपला बाहेर. आत गेलं की मशीनचा काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. पोरं आत जाताना नकळत हात जोडायची. मॅडमना ते अजिबात खपायचं नाही. खोलीत उदबत्ती नाही, कुंकू नाही, नारळ तर मुळीच नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. त्या म्हणायच्या, "हे देव नाई बाप्पा. हे सांगकाम्या आहे. चुकीचं सांगसान तं चुकीचं करन. हुशार तुमाले व्हा लागन."

पोरांची बोटं बसावीत म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर बटणं काढून प्रत्येकाला एकेक पुठ्ठा दिला. पोरं तो एसटीत मांडीवर घेऊन बडवत यायची. अमडापूरच्या गाडीत एकदा कंडक्टरनं मला विचारलं, तुमच्या कॉलेजात तबला सुरू झाला का?

आणि फुटाणे. मॅडमचा नियम असा, की कोणी नवीन चूक केली की त्याला मूठभर फुटाणे. आधी कोणीतरी केलेली चूक पुन्हा केली तर काही नाही, पुढे चला. त्यामुळे आमच्या वर्गात चूक लपवायची पद्धतच नव्हती. उलट पोरं हात वर करून सांगायची, मॅडम, हे नवीन आहे, आणि बाकीचे भांडायचे की नाही, हे मंगळवारी सुनीलनं केलं होतं. उभ्या आयुष्यात मी इतके वर्ग पाहिले, पण चुकीच्या मालकीवरून भांडणारा तो एकच.

तक्त्याचा धडा आला तेव्हा मात्र पुठ्ठ्यानं भागेना. एका चौकटीतला आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, हे काही केल्या पोरांच्या पचनी पडत नव्हतं. मॅडमनी दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खेळाच्या सरांकडून मैदान आखायची फक्की मागून आणली आणि कॉलेजच्या अंगणात उभ्या-आडव्या रेषा मारल्या. प्राथमिक शाळेतून पाट्या आणल्या. प्रत्येक चौकटीत एक पोरगं, हातात पाटी, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर त्या चौकटीचं काम: शेजारची पाटी पाहा आणि तिची दुप्पट लिहा, मागच्या दोन पाट्यांची बेरीज लिहा, असं काहीतरी.

तक्ता होता पंगतीचा. पहिल्या चौकटीत जेवणारी माणसं. त्यावरून पानं किती, पानांवरून बट्ट्यांना कणीक किती, वरणाला डाळ किती, वांगी किती, तेल किती. शेवटच्या चौकटीत गाडीत घालायचं एकूण सामान, किलोमध्ये. ती चौकट माझी. मॅडम पहिल्या चौकटीजवळ जाऊन म्हणायच्या, पन्नास माणसं वाढली. की तिथली पाटी पुसली जायची, मग शेजारची, मग तिच्या शेजारची, आणि पुसण्याचा आवाज अंगणभर सरकत सरकत माझ्यापर्यंत यायचा. पहिल्यांदा ते बरोबर जमलं तेव्हा मी पाटी डोक्यावर धरून उभाच राहिलो. तीस पोरं, प्रत्येकाला फक्त आपलं इवलंसं काम माहीत, आणि सगळ्यांची मिळून पंगत उभी राहिली होती. त्या दिवशी माझं कॉम्प्युटरशी असलेलं भांडण मिटलं.

अंगणात एकच नियम होता. चालायचं ते रेषेवरून. रिकाम्या चौकटीतूनही जायचं नाही. "चौकट म्हनजे घर. लोकायच्या घरातून आरपार जाते का कोनी?" असं मॅडम विचारायच्या. त्या स्वतः पोरांना पाहत फिरायच्या त्या रेषेरेषेनं, काटकोनात वळत. प्राचार्य एकदा घाईत तिरपे निघाले, तर त्यांनाही मागे बोलावून वळसा घालायला लावला.

एक दिवस मॅडमनी मुलांना स्वतःच्या चिठ्ठ्या स्वतः लिहायला सांगितल्या. पंगतीत लाडू कोण किती आणणार ते ज्यानं त्यानं ठरवायचं. धाडचा गजानन एका चौकटीत, अमडापूरची प्रमिला दुसऱ्या. दोघांनी एकमेकांना न दाखवता चिठ्ठ्या लिहिल्या. मॅडमनी टाळी वाजवली. गजाननानं प्रमिलाची पाटी पाहिली, पुसलं, लिहिलं. प्रमिलानं गजाननाची पाहिली, पुसलं, लिहिलं. गजाननानं पुन्हा पुसलं. इकडे माझी बेरीज दर वेळी बदलत होती. मी घामाघूम. खडूची पूड माझ्या इस्त्रीवर. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी दोघं थांबेनात. मॅडम कमरेवर हात ठेवून गंमत पाहत उभ्या होत्या. शेवटी त्यांनी चिठ्ठ्या उघडल्या. गजाननाच्या चिठ्ठीत होतं, अमडापूरवाल्यांपेक्षा एक जास्त. प्रमिलाच्या चिठ्ठीत, धाडवाल्यांपेक्षा एक जास्त.

अंगण हसून लोटपोट झालं. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "अशानं मशीनसुद्धा ओरडते, म्हनते हे तं गोल गोल फिरून राह्यलं. तुमाले काऊन नाई समजलं?"

गजानन पाटी छातीशी धरून म्हणाला, "समजलं होतं मॅडम. पन माघार कोन घेईन?"

दोघांनाही दोन दोन मुठी फुटाणे मिळाले. अशी चूक पुण्यात कोणाच्या बापाला सुचली नसती, असं मॅडमचं मत पडलं.

आणि मग समिती आली. अध्यक्ष मोठे विद्वान, सफारी सूट, कपाळावर कायमची आठी. बरोबर आणखी एक मवाळ सदस्य. मॅडमनी आदल्या दिवशी मशीन तीनदा चालवून पाहिली होती. लाइट त्या दिवशी चक्क होती. पोरं ठेवणीतल्या कपड्यांत. प्रमिलाचे वडील अमडापूरहून आले होते आणि गेटपाशी उभे राहून आत पाहत होते. मॅडमनी त्यांना शब्द दिला होता ना.

पण प्राचार्य हे प्राचार्य. एवढी थोर माणसं आपल्या दारी आली आणि नुसतं बटण दाबून परत जाणार, हे त्यांच्या मनाला कसं पटावं? मॅडम पोरांना रांगेत उभं करायला बाहेर गेल्या तेवढ्या वेळात त्यांनी ताम्हण आणवलं, हळदकुंकू आणवलं, मशीनपुढे टेबलावर एक दगड ठेवला, आणि अध्यक्षांच्या हातात नारळ दिला. शुभ हस्ते. मी दारात होतो. मी नको नको म्हणेपर्यंत अध्यक्षांनी मनगटात होता नव्हता तेवढा जोर लावून नारळ हाणला. नारळ भरलेला होता. पाणी थेट बटणांवर.

हिरवी अक्षरं एकदा थरथरली. मग पडद्यावर एकच अक्षर उमटलं आणि ते थांबेचना, ओळीमागून ओळ तेच ते. मग मशीन गप्प झाली. अध्यक्षांच्या हातात नारळाची अर्धी वाटी होती आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. तेवढ्यात मॅडम आत आल्या.

त्यांनी मशीनकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता स्फोट होणार. त्यांनी मुख्य बटण बंद केलं आणि आमच्याकडे पाठ करून पदरानं बटणं टिपली. वर्षभराची एसटीतली धावपळ, ओट्यावरचे सगळे शब्द त्या टेबलावर ओले होऊन पडले होते. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि प्राचार्यांचा असा राग आला की विचारू नका.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "यंत्रच बंद असेल तर पाहणार काय? आम्हाला तसं लिहावं लागेल."

मॅडम वळल्या. "मशीन बंद पडली साहेब. वर्ग नाई बंद पडला. चला अंगनात."

पोरांना काही सांगावं लागलं नाही. ज्याची त्याची चौकट, जो तो पाटी घेऊन बसला. मीही माझ्या कोपऱ्यात बसलो. मॅडमनी माणसं वाढवली, पाट्या पुसल्या गेल्या, बेरीज माझ्याकडे आली, मी ती वर धरली. मवाळ सदस्य खूश झाले. अध्यक्षांची आठी हलली नाही. ते म्हणाले, हे पाठ करून घेतलेलं असू शकतं.

मॅडमनी हाक मारली, "सुनील, ऊठ रे." सुनील उठला. ती वांग्यांची चौकट. मॅडम अध्यक्षांना म्हणाल्या, "मंग तुमीच बसा साहेब. तुमच्याकून तं आमी पाठ करून घेतलं नाई."

प्राचार्यांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी एकदा आपल्या सफारीकडे पाहिलं, एकदा पोरांकडे पाहिलं. आणि काय वाटलं कोण जाणे, ते गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसले. वांग्यात. सुनीलनं अदबीनं पाटी आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

मवाळ सदस्यांनी पहिल्या चौकटीतल्या गजाननाच्या कानात माणसांचा नवा आकडा सांगितला. टाळी वाजली. खडू चालू लागले. बेरीज माझ्याकडे आली, मी पाटी वर धरली. मॅडमनी गजाननाची पाटी पाहून बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "पंधरा किलो कमी."

अशा वेळी आमच्याकडे कोणी कोणाकडे बोट दाखवायचं नाही, अशी शिस्त होती. प्रत्येकानं आपली चिठ्ठी आणि आपली पाटी मोठ्यानं वाचायची. गजाननानं वाचली. प्रमिलानं वाचली. डाळ झाली, कणीक झाली, तेल झालं. अध्यक्षांची पाळी आली. त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं, "डावीकडच्या पाटीचा पाव." मग आपली पाटी वाचली. मग डावीकडे पाहिलं. तिथे प्रमिलाची पानांची पाटी होती, आणि तिच्यावरचा आकडा वेगळा होता. तिनं जुना आकडा पुसायच्या आतच अध्यक्षांनी त्याचा पाव करून टाकला होता.

चाळीस वर्षांची नोकरी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेली असावी. त्यांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, पाटी पुसली आणि नवीन आकडा लिहिला. माझी पाटी बदलली. पंगत पूर्ण झाली. आणि मॅडम रेषेरेषेनं चालत, दोनदा काटकोनात वळून, अध्यक्षांपाशी आल्या आणि पर्समधून मूठभर फुटाणे काढून त्यांच्यापुढे धरले.

अध्यक्षांनी हे काय म्हणून विचारलं. पोरं एका सुरात म्हणाली, "नवीन चुकीचे."

"इतक्या दिवसांत ही चूक कोणीच केली नाही?"

"नाई साहेब," मॅडम म्हणाल्या, "आमची पोरं हळू आहेत. घाई कोनी केली नव्हती."

मग ते हसले. खदखदून, मांडी घालून, सफारीला फक्की लागलेली असताना हसले आणि फुटाणे खाऊ लागले. गेटपाशी प्रमिलाचे वडील स्वतःला काही कळलं नसतानाही टाळ्या वाजवत होते.

मान्यता आली. समितीच्या अहवालात आमच्या अंगणाला अर्धं पान होतं, नारळाचा उल्लेख मात्र कुठेही नव्हता. मॅडमनी बटणांची ती फळी घरी नेली आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातली. ती चालू झाली, फक्त नारळपाण्याच्या गोडीला एका बटणाशी पुढे कितीतरी दिवस मुंग्या येत राहिल्या. शहरवाल्यांच्या टेबलावर काय ठेवलं ते आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या पोरांना सर्टिफिकेटं मिळाली. मलाही मिळालं, काठावर.

त्यानंतर कॉलेजला नवी इमारत झाली, मशीन एकाच्या दहा आणि दहाच्या चाळीस झाल्या. अंगणात पुन्हा कधी फक्की पडली नाही, गरजच उरली नाही. मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी रीतीप्रमाणे शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, माझंही लांबलं. मग प्रमिला त्यांना नवी लॅब दाखवायला घेऊन गेली. लॅब आता प्रमिलाच्याच ताब्यात होती. दाराशी मॅडमनी चपला काढल्या, क्षणभर हातातल्या नारळाकडे पाहिलं आणि तो चपलांशेजारी बाहेर ठेवला. प्रमिला इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

शेवटी त्या निघाल्या. रिक्षा गेटपाशी उभी होती. अंगण मोकळं होतं, नुसता मुरूम, एकही रेष नाही. कोणीही सरळ तिरपं चालत गेलं असतं. मॅडम पायऱ्या उतरल्या आणि समोर चालत गेल्या, मग थांबून उजवीकडे वळल्या, थोडं चालून पुन्हा डावीकडे. नारळ काखेत, पदर खोचलेला, नजर खाली. माझ्याबरोबर पायरीवर उभ्या असलेल्या नव्या प्राध्यापकानं मला हळूच विचारलं, मॅडमची तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, ठणठणीत आहे. तिथे पोरं बसली आहेत.

त्याला काही कळलं नाही. मला त्याला समजावून सांगता आलं असतं. पण मॅडमची पर्स माझ्या मागच्या खुर्चीवर राहिली होती, ती नेऊन द्यायची होती. मी ती उचलली. आत फुटाणे वाजले. सरळ गेलो असतो तर रिक्षा सुटायच्या आत आरामात पोचलो असतो. मी रेषेरेषेनं गेलो. मॅडमनी रिक्षा थांबवून धरली होती.